गुरुजींनी सांगितलेला दुसरा दिवस

तारा आणि नील,

तुमची आई पुण्याहून निघाली त्या दुपारी चार वाजता शनिवार पेठेत आमच्या इमारतीखाली सुमो उभी होती आणि मी जिन्यात यादी घेऊन उभी होते. यादीत बेचाळीस वस्तू होत्या. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पोळपाट-लाटणं, सुईदोऱ्याची डबी, तापाच्या गोळ्या. प्रत्येकीपुढे मी पेन्सिलने खूण केली होती. आमची गल्ली अरुंद, त्यामुळे सुमोच्या मागे तीन रिक्षा अडकल्या होत्या आणि त्यांतला एक रिक्षावाला तुमच्या बाबांना विचारत होता की घर हलवताय का गाव. तुमचे बाबा, श्रीरंग, तेव्हा हिंजवडीतल्या एका कंपनीत होते. कंपनीने त्यांना सहा महिन्यांसाठी प्रागला पाठवलं होतं. मंजिरी, म्हणजे तुमची आई, बिनपगारी रजा घेऊन बरोबर निघाली होती. तुमचे आजोबा, आबा, शेवटच्या पायरीवर उभे राहून सामान चढताना बघत होते. शेवटची बॅग वर गेली तेव्हा ते म्हणाले, "सहा महिन्यांना दोन कुकर कशाला लागतात?"

मी यादीकडे पाहिलं. दोन्ही कुकरपुढची खूण माझ्याच हातची होती.

त्याला आता वीसपेक्षा जास्त वर्षं झाली. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाचं कायमचं झालं. तुम्ही दोघं तिथेच जन्मलात.

हे मी मराठीत लिहिते आहे याचं तुम्हाला नवल वाटेल. पस्तीस वर्षं मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आणि तुम्हाला आजवरचे सगळे मेल इंग्रजीतच लिहिले. पण इंग्रजीत मला माझी बाजू फार नीट मांडता येते. आधी कारण, मग चूक, आणि दोन्हींच्या मध्ये एखादं देखणं वाक्य. मराठीत मला ती सोय नाही. तारा, तुला देवनागरी वाचायला मीच शिकवलं, दर रविवारी स्क्रीनसमोर बसून. जोडाक्षराला तू अजून अडखळतेस, म्हणून वाक्यं शक्यतो छोटी ठेवते. नील, तू आईकडून वाचून घे. मधे मधे कंटाळशील, पण ऐक. यात तुझे आबा आहेत.

घर सोडणं ही गोष्ट आपल्याकडे तुमच्या आईपासून सुरू झाली नाही. मी अमरावतीची. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन पुण्यात आले. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी 'स्वयंपाक करून राहिली' म्हटलं आणि घरातली सगळी माणसं फार सभ्यपणे हसली. दोन महिन्यांत माझी वऱ्हाडी बोली गेली. वर्षभर मी प्रत्येक सणाला अमरावतीला पळत होते. त्या काळी रात्रभराचा प्रवास, तरी जात होते. शेवटी माझ्या आईनेच मला थांबवलं. तिने स्टेशनवर माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाली, "आता तिथली हो. दर कार्याला धावत आलीस तर ना इथली राहशील, ना तिथली."

मला तेव्हा राग आला होता. माहेर तोडते आहे असं वाटलं. पण पुण्यात मी रुजले ती त्यानंतर. माझी आई चौथी शिकलेली होती. मी एम.ए. झाले, आणि तिने जे एका वाक्यात केलं ते मला तुमच्या बाबतीत जमलं नाही. त्याचीच ही हकिगत आहे.

मधली काही वर्षं पटकन सांगते. आबा पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. देशाची दारं उघडली, परदेशी यंत्रं आली, आणि कारखान्याने आबांना पन्नाशी उलटल्यावर स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कोणाची, हे विचारायचं नाही, असं ते म्हणायचे. तेव्हाच मी ठरवलं की मंजिरी कॉम्प्युटरच शिकेल. ती शिकली. पहाटे उठून कंपनीच्या बससाठी धावायची. बस हिंजवडीला पोचायची तेव्हा अजून दोन्ही बाजूंना उसाची शेतं होती. आता तिथे शेत दाखवा म्हटलं तर नकाशात शोधावं लागेल. पेठेतल्या आमच्या इमारतीत तेव्हा प्रत्येक घरात एक तरी मूल त्या बसला जात होतं. मग एकेक मूल विमानाला जाऊ लागलं. आज इमारतीत आम्ही म्हातारी माणसंच उरलो आहोत, आणि लिफ्ट बंद पडली की दुरुस्तीची चर्चा चार देशांतून होते.

तारा, तू दहा वर्षांची असताना शाळेने तुम्हाला बर्फाच्या मैदानावर नेलं. तिथून तू फोटो पाठवलास. फोटोत तू एका गुळगुळीत दगडापुढे वाकून झाडूसारख्या ब्रशने बर्फ घासत होतीस. मला वाटलं, शाळेत काही खोडी केलीस आणि शिक्षा झाली. आईने समजावलं, हा खेळ आहे, कर्लिंग. वीस किलोचा दगड बर्फावरून चाळीसेक मीटर सरकवायचा, पलीकडच्या वर्तुळात मधोमध थांबवायचा, दुसऱ्यांचे दगड उडवायचे. दगड किती जाईल, किती वळेल, ते पुढे पुढे बर्फ घासून ठरवायचं. आबांना एका मिनिटात कळलं. ते म्हणाले, "बर्फावरचा कॅरम आहे. फक्त इथे सोंगटीच्या पुढे धावावं लागतं." सुटीत पुण्याला आलीस की त्यांच्याबरोबर कॅरम खेळताना तू कोनांबद्दल त्यांच्याशी वाद घालायचीस. शेजारच्या लेलेकाकूंना मी तुझा फोटो दाखवला, तर त्या म्हणाल्या, "फरशी पुसायचीही स्पर्धा असते का हो?" आबा म्हणाले, "असती तर आमच्या घरातून कुणी निवडलं गेलं नसतं."

तू मोठी होत गेलीस आणि खेळ मोठा होत गेला. तुमचा चौघींचा संघ झाला. यित्का कर्णधार आणि तू तिची उपकर्णधार. यित्का दगड टाकायची तेव्हा पलीकडच्या टोकाला उभी राहून तिला दिशा दाखवायची ती तू. तुमचे सामने कॉम्प्युटरवर दिसायचे. तिथली सकाळ म्हणजे इथली दुपार. पुण्यातल्या माणसाने दुपारची झोप सोडणं ही साधी गोष्ट नाही, पण आबांनी ती तुझ्यासाठी सोडली. दीड वाजता ते शर्ट बदलून स्क्रीनसमोर बसायचे. मी विचारलं, शर्ट कशाला? म्हणाले, "मैदानावर बनियनवर जातात का?"

एका हिवाळ्यात मी एकटी प्रागला आले होते. आठवतं तुला? आबांना डॉक्टरांनी विमानाची परवानगी दिली नव्हती. मी दोन स्वेटर आणि कानटोपी घालून त्या गारठ्यात बसले होते. सामना अटीतटीचा होता. तुझा ब्रश धावत्या दगडाला लागला. मला दिसलं नाही, कुणालाच दिसलं नाही. तू हात वर केलास, काहीतरी म्हणालीस, आणि दगड उचलून बाजूला ठेवला गेला. तो डाव गेला, सामनाही गेला. मी मंजिरीला विचारलं, पंचांनी कसं पाहिलं? ती म्हणाली, "पंचांनी नाही पाहिलं, आई. इथे ज्याचा स्पर्श झाला त्यानेच सांगायचं असतं." सामन्यानंतर जिंकलेल्या मुली तुम्हाला घेऊन एकाच टेबलावर कोको प्यायला बसल्या, आणि कुणी त्या दगडाचा विषयही काढला नाही. ही गोष्ट मी पुण्यात परत आल्यावर भेटेल त्याला सांगितली. माझ्या सगळ्या शिकवण्याचं सार तुझ्यात उतरलं आहे, असं काहीतरी मी बोलत असे. ते आठवलं की आता मला माझी लाज वाटते.

मग तू अठरा वर्षांची झालीस आणि तिथलं नागरिकत्व घेतलंस. देशाच्या संघातून खेळायचं, तिथेच राहायचं, तर ते साहजिक होतं. भारताचा पासपोर्ट परत करावा लागला. मी फोनवर तुझं अभिनंदन केलं. दुसऱ्या दिवशी भाजी घेताना लेलेकाकू म्हणाल्या, "म्हणजे नात आता परकीच म्हणायची. कागदोपत्री हो, कागदोपत्री." त्यांचा स्वतःचा मुलगा पंधरा वर्षांत दोनदा आला होता, तेव्हा त्यांना बोलायला जागा नव्हती. पण ते वाक्य माझ्यात रुतून बसलं.

दोन वर्षांनी आबांना एक्याऐंशीवं लागलं. आपल्याकडे या वयात सहस्रचंद्रदर्शन करतात. माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या म्हणून त्याला पाटावर बसवायचं, पूजा करायची, दिव्यांनी ओवाळायचं. आबांना यातलं काही नको होतं. "चंद्र मी बघितले, त्यात कौतुक चंद्राचं," असं त्यांचं म्हणणं. मीच हट्ट धरला. गुरुजींना बोलावलं. त्यांनी पंचांग पाहून एका कागदावर मला दोन दिवस लिहून दिले. पहिला महिन्याच्या सुरुवातीचा, दुसरा त्यानंतर अठरा दिवसांनी. दोन्ही सारखेच चांगले, सोयीचा तो धरा, म्हणाले.

मी पहिला धरला. कार्यालय मोकळं होतं, मला हवे तेच केटरर मिळत होते, अमरावतीहून माझ्या भावाची तिकिटं निघाली होती. पाहुण्यांच्या पंक्तींची यादी मी तयार केली होती, कोण कुणाशेजारी बसणार नाही यासकट.

रविवारी तुझा फोन आला. देवनागरीचा धडा तू बाजूला ठेवलास आणि म्हणालीस की नेमक्या त्याच दिवसांत ज्युनिअर गटाचे शेवटचे सामने आहेत. जिंकणारा संघ जागतिक स्पर्धेला जाणार. वयामुळे तुझं ज्युनिअर गटातलं ते शेवटचं वर्ष होतं. तू विचारलंस, "आजी, दिवस थोडा पुढे नेता येईल का?"

गुरुजींचा कागद माझ्यासमोर टेबलावर होता. दोन्ही तारखा मला दिसत होत्या. मी म्हणाले, "नाही गं बाळा. गुरुजींनी एकच दिवस काढून दिलाय."

तू म्हणालीस, "ओके. मग मी येते." तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. तुझ्या जगात माणूस सांगतो ते खरं असतं, त्याला उलटतपासणी लागत नाही. मी याच गोष्टीचं पुण्यात कौतुक करत फिरले होते, आणि तिचाच फायदा घेतला.

कार्यालय, केटरर, तिकिटं ही सगळी कारणं मी स्वतःला देत होते. ती सगळी बदलता आली असती. केटरर दुसरा मिळाला असता, भावाने कुरकुर करून तिकिटं बदलली असती. मला तू लोकांसमोर हवी होतीस. पैठणी नेसलेली, आबांच्या पाया पडणारी, आमची. खेळ आणि मी, यांत तू मला निवडावंस असं मला वाटत होतं. आणि तू निवडणार नाहीस अशी भीती होती म्हणून मी निवड करायला जागाच ठेवली नाही.

तू आलीस. माझी जांभळी पैठणी नेसलीस. एक्याऐंशी दिवे लावलेलं ताट जड होतं, ते तू आणि मी मिळून धरलं. लेलेकाकू मागून म्हणाल्या, "अगदी आपलीच वाटते हो." मला जे ऐकायचं होतं ते मिळालं. त्याच वेळी पाटावर बसलेल्या आबांनी तुला विचारलं, "तिथे किती वाजले?" तू म्हणालीस, "नऊ, आबा." ते म्हणाले, "मॅच सुरू झाली असेल का?" तू म्हणालीस, "झाली असेल." ताट तुझ्या हातात अजिबात हललं नाही. आबांनी तुझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

जेवणाच्या पंक्तीत गुरुजी आबांच्या शेजारी बसले होते. बोलता बोलता सहज म्हणाले, "दुसरा दिवसही तसा उत्तम होता, पण वहिनींनी हाच पसंत केला." मी वाढत होते. माझ्या हातात मठ्ठ्याचं भांडं होतं. आबा मला लोकांसमोर कधीच काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर तू कपडे बदलायला आत गेलीस तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं, "तू तिला सांगणार, का मी सांगू?" मी म्हणाले, मी सांगेन. संध्याकाळी यित्काचा मेसेज आला. तुझ्या जागी राखीव मुलगी खेळली होती आणि तुम्ही हरला होतात. तू बाल्कनीत उभी राहून तो वाचलास, आत आलीस, आणि आबांबरोबर कॅरम मांडलास. मी सांगायला उठले आणि चहा करायला गेले. चार दिवसांनी तू गेलीस.

पुढचं तुला माहीत आहे, मला ते उशिरा कळलं. मोठ्यांच्या गटासाठी यित्काने नवा संघ बांधला आणि त्या राखीव मुलीला घेतलं. संघाला अशी माणसं हवीत जी नक्की हजर असतील, असं तिने तुला लिहिलं. ते मला मंजिरीने दोन महिन्यांनी सांगितलं, खरं तर आजीला सांगू नकोस अशी तू तिला शपथ घातली होतीस. मला वाईट वाटेल म्हणून. तू बर्नो शहरात सॉफ्टवेअरची नोकरी धरलीस. शनिवारी लहान मुलांना दगड कसा सोडायचा ते शिकवायला लागलीस. रविवारचा धडा तू कधी चुकवला नाहीस. दर रविवारी मला सांगायची संधी होती. मी तुझे ऱ्हस्व-दीर्घ तपासत राहिले.

आबा मला अधूनमधून विचारायचे, "सांगितलंस?" तुझा फोन ठेवला की विचारायचे. मग त्यांनी विचारणं सोडलं. ते मला जास्त लागलं. गेल्या वर्षी ते गेले. ते स्वतः तुला सांगू शकले असते, अनेकदा तुमच्या दोघांच्या गप्पा चालायच्या. पण मी सांगेन म्हटलं होतं, म्हणून ते काम त्यांनी माझ्याकडेच राहू दिलं.

परवा मंजिरीचा फोन आला. ती म्हणाली, तारा पुन्हा खेळायला लागली आहे. दोघांच्या मिश्र जोडीत. इतकी वर्षं थांबल्यावर कुणीतरी तिला जोडीदार म्हणून विचारलं, आणि येत्या महिन्यात राष्ट्रीय स्पर्धा आहे. मला काय आनंद झाला ते लिहिता येत नाही. मग ती म्हणाली, पण ती तुझ्याकडे येते आहे, आबांच्या वर्षश्राद्धाला. श्राद्ध त्याच आठवड्यात आहे. तिकीट काढलंय, जोडीदाराला नाही म्हणून कळवणार आहे. आजीला एकटं कसं ठेवायचं, म्हणते.

फोन ठेवल्यावर मी हा कागद घेतला.

तारा, या वेळी दिवस खरोखरच एकच आहे. श्राद्धाची तिथी कुणाला पुढे-मागे करता येत नाही. तुला वाटेल, तर गुरुजींना फोन करून विचार; मी सांगते म्हणून विश्वास ठेवू नकोस. पण त्या दिवसाला तुझी गरज नाही. गुरुजी येतील, माझा भाचा विधी करील, लेलेकाकू खिरीत साखर जास्त झाली म्हणतील. सगळं होईल. तू त्या जोडीदाराला नाही म्हणून कळवू नकोस. कळवलं असशील तर आत्ता फोन कर आणि तुझ्या आजीने घोळ घातला होता असं सांग. ते खरंच आहे.

तुझं गेलेलं वर्ष मला परत देता येत नाही. तू मला माफ करावंस असंही मी लिहिणार नाही, कारण तू लगेच करशील, आणि ते मला सोपं जाईल. राग आला तर येऊ दे. रविवारचा धडा काही आठवडे बंद ठेवावासा वाटला तर ठेव.

मी तुम्हा दोघांना दर वाढदिवसाला लिहीत आले की पुण्याचं हे घर तुमचं आहे. चुकीचं लिहीत होते. हे माझं घर आहे, आबांचं होतं. माणसाचं घर तिथे, जिथे तो आला नाही तर कुणाचा तरी डाव अडतो. तुझा डाव तिथे आहे, बर्फावर. इथे तू पाहुणी म्हणून ये, कधीही ये, निवांत ये, खेळून झाल्यावर ये.

तुझ्यावाचून इथे काही अडणार नाही, असं शेवटी लिहिणार होते. पण तेही खोटं झालं असतं. अडेल. त्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर फार अडेल. ते माझं मी निभावून नेईन. तू येऊ नकोस, तारा. खेळ.

आजी